डोरीनबाईंची शंभरावी पेटी

या, अशा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्या वहिनी, तुम्हीसुद्धा या. तिथवर माझा आवाज पोहोचायचा नाही. बुवांची गाडी शिरोळच्या अलीकडे पंक्चर झाली आहे आणि तबलजी चहाला गेलेत. तेवढ्यात मी एक आख्यान सांगते. चाळीस वर्षं मी या देवळात पहिल्या रांगेत बसून कीर्तन ऐकते आहे, पण उभं राहून सांगायचं धाडस कधी केलं नाही. म्हणजे इथे नाही केलं. एकदा केलं, ते इंग्लंडात, उघड्या माळावर. श्रोत्यांत एक म्हातारी आणि पंधरा-वीस मेंढ्या. आणि ती वेळ माझ्यावर का आली? तर मी चोरी केली होती म्हणून.

हसू नका, ऐका.

बावीस वर्षं झाली. माझी मुलगी गौतमी तेव्हा इंग्लंडात टॅव्हिस्टॉक नावाच्या गावात राहत होती. गाव आपल्या कुरुंदवाडएवढंच. मागच्या बाजूला डार्टमूर नावाचा अफाट माळ. मैलोगणती गवत, मोकळी फिरणारी घोडी, आणि टेकाडांच्या डोक्यावर दगडांच्या राशी, कुणी एकावर एक रचून ठेवल्यासारख्या. त्या राशींना तिकडे टोर म्हणतात.

गौतमीच्या शेजारी डोरीन पास्को नावाच्या बाई राहायच्या. वय एकाहत्तर, लग्न केलेलं नाही, लोकरीचं दुकान चालवून निवृत्त झालेल्या. मी गेले त्या दिवशी कुंपणावरून वाकून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आलात का, माय लव्हर!"

मी घरात येऊन गौतमीला म्हटलं, "अगं, ही बाई मला काय म्हणाली ऐकलंस का?"

"आई, इथे सगळ्यांना तसंच म्हणतात. परवा बस ड्रायव्हरला म्हणाल्या. आमच्या पाववाल्यालाही म्हणतात."

आमचं आडनाव ग्रामोपाध्ये. ते काही त्यांच्या जिभेवर बसेना. दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला, मग मला मिसेस जी करून टाकलं. त्या इंग्रजीत बोलायच्या, मी शाळेतल्या इंग्रजीत, आणि अडलं की मधे गौतमी. मी तुम्हाला सगळं मराठीतच सांगते.

या डोरीनबाईंना एक नाद होता. माळावर कुणीतरी पेट्या लपवून ठेवतं. पेटीत एक वही, एक रबरी शिक्का, शाईची गादी. आपण खुणांवरून पेटी शोधायची, तिचा शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का तिच्या वहीत उमटवायचा, आणि पेटी होती तशी झाकून खाली यायचं. झालं. जिंकणं नाही, हरणं नाही. त्याला म्हणतात लेटरबॉक्सिंग.

मला हे नवीन नव्हतं. इंग्लंडला येण्याआधी दोन महिने मी अमेरिकेत माझ्या बहिणीच्या मुलाकडे, निरंजनकडे होते. तोही पेट्या शोधायचा. पण तिकडची तऱ्हा निराळी. त्याने कॉम्प्युटरवरून जी खूण छापून घेतली होती ती म्हणजे एक पानभर गोष्टच होती. एक घुबड वाचनालयातून पुस्तक घेऊन निघतं, त्याचा चष्मा हरवतो, ते लाल पुलापाशी रडतं, असं काहीतरी. आपण घुबडाच्या मागे जायचं. वाचनालयामागच्या बागेत, एका पोकळ ओंडक्यात, पेटी! आतला शिक्का कुणीतरी साध्या खोडरबरावर चाकूने कोरलेला. पेटीत एक रंगवलेला गोटाही होता. वही अगदी कोरी. निरंजन ओरडला, "मावशी, तू पहिली! पहिल्या शोधणाऱ्यासाठी ठेवलेली भेट आहे ही. घे, तुझी!" त्याने मलाही खोडरबरावर चिपळ्यांचं चित्र कोरून दिलं. तो माझा शिक्का.

कोरी वही म्हणजे आपण पहिल्या, आणि पेटीतली सुंदर वस्तू ती आपली. आणि शिक्का म्हणजे खोडरबरावर कोरलेला. एवढं मी डोक्यात पक्कं करून इंग्लंडला आले. तिथेच घोटाळा झाला.

डोरीनबाईंनी चहा पिताना मला त्यांच्याकडची खूण दाखवली. पोस्टकार्डाच्या आकाराचा कागद, त्यावर होकायंत्राच्या आकड्यांच्या दोन ओळी. टोरच्या टोकावरून एकशे बारा अंश, दूरचं चर्च तीनशे चार अंश, मोठ्या दगडापासून सत्तावीस पावलं.

"यात गोष्ट कुठे आहे?" मी विचारलं.

"कसली गोष्ट?"

मी त्यांना चष्मा हरवलेल्या घुबडाबद्दल सांगितलं. त्या इतक्या हसल्या की कपातला चहा बशीत आला. "बागेत ठीक आहे हो. इथे भर दुपारी धुकं उतरतं, आपलाच हात दिसत नाही. घुबड तुम्हाला घरी आणणार आहे का? आकडे आणतात."

"पण हा नुसता पत्ता झाला. पत्ता ऐकायला कोण बसेल?"

"ऐकायला नाहीच तो, मिसेस जी. चालायला आहे."

गौतमी म्हणाली, "आई, डोरीनच्या नव्याण्णव पेट्या झाल्यात. शंभर झाल्या की क्लबात घेतात, कापडी बिल्ला देतात."

"किती वर्षांत?"

"एकतीस," डोरीनबाई म्हणाल्या. "दुकान रविवारीच बंद असायचं. मग आई आजारी पडली. मग हा." त्यांनी उजव्या गुडघ्यावर थाप मारली, कुणा खोडकर नातेवाइकाला मारावी तशी.

गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलं होतं. त्याआधी शनिवारी त्या शेवटची चढण चढणार होत्या. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. यांनी डॉक्टरांना चहाला बोलावून विषय बदलला होता. चिंता एकच. माळावरच्या पेट्या कधी वाहून जातात, कधी गुरं तुडवतात. एवढं चढून जायचं आणि पेटीच नसली तर? दुसऱ्यांदा चढायला गुडघा नाही आणि दिवसही नाहीत. म्हणून त्या गौतमीला म्हणाल्या, "गुरुवारी तुम्ही दोघी तिकडे फिरायला जाणार आहात ना? पेटी जागेवर आहे एवढंच बघून याल का?"

गुरुवारी आम्ही मायलेकी गेलो. गौतमी टोरवर होकायंत्र धरून उभी राहिली आणि मला ओरडून सांगत होती, "डावीकडे! आई, अजून डावीकडे! तू उजवीकडे चालली आहेस!" मी वाकून गवत चाचपत होते. एका शिळेखाली सपाट दगड होता, तो सरकवला, आणि आत हिरवी पत्र्याची पेटी.

उघडली. वही कोरी करकरीत. पहिल्या पानावर इंग्रजीत काही खरडलेलं होतं. ठसा एकही नव्हता, म्हणून मी ते वाचायचं सोडून दिलं. खाली खोडरबराचा कोरलेला तुकडा, त्यावर मासा. आणि मखमली पिशवीत एक चकचकीत लाकडी मुठीची वस्तू, खाली नाजूक पक्षी कोरलेला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वही कोरी म्हणजे मी पहिली. मासा उमटवला, चिपळ्या उमटवल्या. आणि ती मखमली पिशवी कपाळाला लावून कोटाच्या खिशात टाकली. म्हटलं, देवाने डोंगरावर प्रसाद दिला. हा आपण ठेवायचा नाही. शनिवारी डोरीनबाईंची शंभरावी झाली की संध्याकाळी ओटी भरून त्यांच्या हातात द्यायचा.

वरून गौतमीने विचारलं, "आहे का?"

"आहे, आहे! सगळं जागेवर आहे!"

घरी येऊन ती पिशवी मी स्वयंपाकघराच्या कपाटात देवापुढे ठेवली. दोन दिवस तिला हळदकुंकू वाहत होते.

शनिवारी आम्ही तिघी निघालो. ऊन छान होतं, वारा मात्र बोचरा. गौतमीला एकटीला ती चढण पंचवीस मिनिटांची; डोरीनबाईंना पावणेदोन तास लागले. मधे बसायच्या, काठीने गवतातलं काहीतरी दाखवायच्या. म्हणजे गुडघ्याला विश्रांती, आणि आपण थकलो असं म्हणायलाही नको. शेवटच्या टप्प्याला त्यांनी आमचा हात नाकारला. सत्तावीस पावलं त्यांनी स्वतः मोजली. मोठ्याने. सत्तावीसला त्यांची काठी बरोबर त्या सपाट दगडावर टेकली.

त्या गुडघ्यावर बसू शकत नव्हत्या, म्हणून पाय पसरून गवतातच बसल्या. पेटी मांडीवर घेतली. वही काढली, गादी काढली, रबराचा तुकडा काढला. मग पेटी उलटी करून थोपटली. मग हाताने गवत चाचपलं.

"नाहीये," त्या म्हणाल्या.

"काय नाहीये?"

"शिक्का."

मी मासा उचलून त्यांच्यापुढे धरला. "हा काय, आहे की!"

"हा पाहुणा आहे, मिसेस जी. कुणीतरी हाताने कोरून सोडून देतं, पुढचा माणूस याला एका पेटीतून दुसऱ्या पेटीत नेतो. त्याची गणती नाही. पेटीचा स्वतःचा शिक्का वेगळा. आमच्याकडे तो दुकानातून करून घेतात. लाकडी मुठीचा."

मला कपाटातली मखमली पिशवी आठवली.

"वहीसुद्धा नवी ठेवली आहे," गौतमी पहिलं पान वाचत म्हणाली. "‘जुनी भरली, एप्रिलमध्ये बदलली.’ गुरुवारी तर सगळं जागेवर होतं, म्हणजे या दोन दिवसांत कुणीतरी नेला. काय माणसं असतात! म्हाताऱ्या बाईने एकतीस वर्षं..."

"असू दे गं," डोरीनबाई म्हणाल्या. "पोरं असतील. पक्षी कोरलाय म्हणे त्यावर, आवडला असेल कुणाला." आणि त्यांनी वही, गादी, मासा परत नीट पेटीत ठेवायला सुरुवात केली. सावकाश, दुकान बंद करताना लोकरीचे गुंडे लावावेत तशी.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? उद्या गुपचूप येऊन ठेवून द्यावा. पण उद्याचा उपयोग त्यांना काय होता? त्या झाकण लावणार एवढ्यात मी म्हटलं, "गौतमे, त्यांना सांग, ती माणसं म्हणजे मी."

"काय?"

"मी नेला. पिशवी कपाटात आहे. देवापुढे."

"आई! तू शिक्का चोरलास?"

"अगं, मला प्रसाद वाटला! निरंजनकडे पहिल्याला भेट मिळते. आणि शिक्का तिकडे खोडरबराचा असतो. मी तो यांनाच देणार होते, आज संध्याकाळी. ओटीत."

गौतमीने कपाळाला हात लावला आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. घुबड, गोटा, खोडरबर, हळदकुंकू, ओटी. डोरीनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घालून उभी. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे दोन दिवस त्या पक्ष्याची पूजा होते आहे?"

"हो."

"फुलंसुद्धा?"

"तुमच्याच बागेतली," मी म्हटलं. "पिवळी."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. हसता हसता गवतात आडव्याच झाल्या. "अरे देवा, माझा शंभरावा देव होऊन बसलाय!"

गौतमी म्हणाली, "मी तो घरून आणते आणि संध्याकाळी तुमच्या वहीत..."

"घरी मारला तर तो घरचा शिक्का झाला," डोरीनबाई उठून बसत म्हणाल्या. "पेटीपाशीच मारायचा. मी इथून हलत नाही. तू जाऊन ये."

"दोन तास लागतील! वारा बघा किती आहे."

"एकतीस वर्षं लागलीत, माय लव्हर. पळ."

गौतमी पळाली. आम्ही दोघी उरलो. त्यांच्या थर्मासात चहा होता, तो अर्ध्या तासात संपला. वारा वाढला. त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले, मी माझी शाल त्यांना गुंडाळली. त्या म्हणाल्या, "बोलत राहा काहीतरी. थंडीत गप्प बसू नये. ते तुमचं काय असतं, गाऊन सांगायचं प्रवचन, ते सांगा."

"मी ऐकणारी आहे. मला येत नाही."

"चोरी येते, मग हे का नाही?"

मी उठले. मफलर उपरण्यासारखा खांद्यावर टाकला. झांजा नाहीत, बाजाची पेटी नाही, सूर धरायला कुणी नाही. एका चपट्या दगडावर उभी राहिले, डोळे मिटून नमन केलं आणि जय जय राम कृष्ण हरी सुरू केलं. पहिल्या दोन वेळा आवाज फुटलाच नाही. तिसऱ्यांदा माझा मलाच ऐकू आला. डोरीनबाईंना टाळी कुठे द्यायची ते सांगावं लागलं नाही. त्यांचे आजोबा चर्चवाले, उघड्यावर प्रवचन करणारे. लहानपणी या त्यांच्यासमोर बसायच्या, असं त्यांनी मागून सांगितलं.

पूर्वरंग कशावर लावावा सुचेना, म्हणून चालण्यावर लावला. माणूस का चालतो, कुठे पोचायला चालतो. आख्यानाला एखादी पुराणातली कथा घ्यायची, तर ती इंग्रजीत कशी फोडून सांगू? म्हणून समोर बसलेल्याच बाई घेतल्या. "तर श्रोते हो, टॅव्हिस्टॉक नगरीत डोरीन नावाची एक लोकर विकणारी होती." नव्याण्णव पेट्यांची हकीकत मी त्यांनाच विचारत विचारत सांगितली. पहिली पेटी कुठे? त्या म्हणायच्या, ओढ्याकाठी, पावसात. मी ती आळवायची. बारावी? तिथे बैल मागे लागला. बैलाचं सोंग मी साग्रसंगीत आणलं. दोन मेंढ्या उठून निघून गेल्या. चाळिसावी? आईला चाकाच्या खुर्चीतून रस्त्यापर्यंत नेलं होतं, आईने दुर्बिणीतून पाहिलं. तिथे बुवा करतात तसं लगेच गजराकडे वळवलं. आणि मग काय वाटलं कोण जाणे, तिथल्या तिथे जुळवून गायले:

"नव्याण्णव शोधिल्या पायी पायी,
शंभरावी घेऊन बसली गौतमीची आई!"

अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "पुन्हा!" मग त्यांनाही ती ओळ यायला लागली. मराठीत, बरं का. 'घेऊन बसली'वर अडखळायच्या, पण सोडायच्या नाहीत. आम्ही दोघी गात, टाळ्या वाजवत होतो, तोवर गौतमी धापा टाकत वर आली. खाली रस्त्यापर्यंत ऐकू येतंय म्हणाली. एक गाडी थांबली होती, त्यांना वाटलं कुणी मदतीसाठी ओरडतंय.

डोरीनबाईंनी मखमली पिशवी हातात घेतली. मुठीवरचं कुंकू पुसलं नाही. आपल्या वहीचं शेवटचं पान उघडलं, शिक्का दोन वेळा गादीवर दाबला, कागदावर ठेवून मनात काही मोजलं आणि उचलला. पक्षी स्वच्छ उमटला. त्यांनी त्यावर फुंकर घातली, खाली तारीख लिहिली, शंभर लिहिलं. मग म्हणाल्या, "चला, आता उतरायचंय. तेच खरं अवघड."

ऑपरेशन मंगळवारी पार पडलं. दहा दिवसांनी, मी निघायच्या आदल्या दिवशी, क्लबाकडून त्यांच्या नावाचं जाड पाकीट आलं ते घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. मी बिल्ला बघायला उत्सुक. त्यांनी पाकीट फाडलं. बिल्ला निघाला, तो न बघताच माझ्या हातात दिला. "घ्या, तुमच्या पिशवीला लावा." आतून एक पुस्तक काढलं. बारीक छपाई, नुसते आकडे, पानामागून पानं.

"हे काय?"

"यादी. माळावरच्या पेट्यांची. हजारो. शंभर झाल्याशिवाय देत नाहीत. तोवर एकमेकांकडून तोंडी कळेल तेवढंच."

गौतमी गोंधळली. "पण डोरीन, आता तुम्हाला..."

"घरापासून पोस्टापर्यंत, बस. हे डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलंय." त्यांनी चष्मा लावला. "म्हणून तर घाई होती."

त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलले. टोर दोनशे चार अंश, एकटं काटेरी झाड तीनशे दहा, अठरा पावलं. मग डोळे मिटले. बोट जागच्या जागीच होतं. श्वास किंचित वाढला, चढावर वाढतो तसा.

मी हळूच विचारलं, "कुठे आहात?"

"ओढ्यात," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "उजवा बूट भिजला. थांबा, झाड दिसतंय."

त्यांच्या आकड्यांना मी नुसता पत्ता म्हटलं होतं. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि ऐकत बसले. ते मला येतं. त्या दुपारी आम्ही सात पेट्या शोधल्या.

पुढे नऊ वर्षं त्यांची पत्रं आली. 'पान अठ्ठेचाळीस. वारा फार.' 'पान एकशे दोन. बैल पुन्हा भेटला, मी तुमची ओळ म्हटली, तो पळाला.' पान दोनशे सहानंतर पत्र आलं नाही. गौतमीचा फोन आला. मागे रडायला त्यांना मूल नव्हतं, भावंड नव्हतं.

म्हणून तुम्हाला एक मागते. आज ना उद्या आपल्यापैकी कुणाचा तरी गुडघा बसेल, देवळापर्यंत येणं जमायचं नाही. त्या दिवशी खिडकीशी बसा, डोळे मिटा, आणि आपल्या घाटाच्या पायऱ्या एकेक मोजत नदीपर्यंत उतरा. घाई करू नका. पाण्याला पाय लागले की एकदा त्या बाईंचं नाव घ्या. डोरीन पास्को.